एल्ब नदीवरची वाफेची बोट: ड्रेस्डेन ते पिल्निट्झ

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या टेरासेनउफर धक्क्यावर तिकीट काढताना वेळेआधी बोटीचं नाव बघा. वाफेच्या बोटींच्याच ताफ्यात साध्या मोटरबोटीही आहेत. त्यांत बसायला ऐसपैस जागा असते, पण वाफेचं इंजिन नसतं, आणि या सफरीत पैसे वसूल होतात ते इंजिनामुळेच. जुन्या बोटींपैकी ‘श्टाट वेलेन’ १८७९ची, तर ‘लाइपझिग’ १९२९ची.

निवड करता आली तर १८८४ची ‘डीसबार’ घ्या. तिचं इंजिन बोटीहूनही जुनं, १८४१चं, आणि ती अजून कोळशावर चालते. या इंजिनात सिलिंडर स्वतःच झुलतात. दट्ट्याचा (पिस्टनचा) दांडा थेट क्रँकला, म्हणजे चाकांचा आस फिरवणाऱ्या वाकड्या दांड्याला, जोडलेला असल्याने मधला जोडदांडा लागत नाही. इंजिन बुटकं राहतं आणि उथळ बोटीत मावतं. सिलिंडर हलता असताना त्यात वाफ कशी जाते? तो ज्या पोकळ खुंट्यांवर झुलतो त्यांतूनच. हे सगळं बोटीच्या मध्यभागी, कठड्यापाशी उभं राहून दिसतं. धक्का सोडताना आणि धक्क्याला लागताना तिथेच थांबा, कारण इंजिन उलटं फिरवण्याची कसरत तेव्हाच चालते. तेलाचा वास आणि उष्णता मात्र सोसावी लागते.

जाताना प्रवाहाविरुद्ध जा. बोट हळू चालते, इंजिनावर ताण येतो आणि बोटीला पुढे ढकलणाऱ्या वल्ह्यांच्या चाकांचा ठोका नीट ऐकू येतो. वरच्या डेकवर डावीकडे बसा: टेकडीवरचे तिन्ही एल्ब-राजवाडे, द्राक्षमळे आणि शेवटी पिल्निट्झचा राजवाडा त्याच काठावर आहेत. वाटेत १८९३चा ‘ब्लाउएस वुंडर’ पूल लागतो. नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही. पुलाखालून जाताना धुरांडं मागे कलतं, ते चुकवू नका. पुढे रातेन गावाला जाणार असाल तर बास्टायचे खडकांचे सुळकेही डावीकडेच येतात; क्योनिगश्टाइनचा किल्ला मात्र उजवीकडे.

मोठी अडचण पाण्याची. या बोटींना एक मीटरपेक्षाही कमी खोली पुरते, तरी कोरड्या उन्हाळ्यात एल्ब इतकी आटते की फेऱ्या कमी होतात किंवा रद्द होतात. पूर आला तर पुलाखालची उंची अपुरी पडते. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी पाण्याची पातळी पाहूनच तिकीट काढा. रातेन किंवा बाड शांडाऊपर्यंत गेलात तर परतीला एस-१ लोकल घ्या. ती नदीकाठानेच धावते आणि बोटीपेक्षा कितीतरी लवकर पोहोचवते.