डावा व्हॉल्व्ह मेला, तरी डावा स्पीकर गात राहिला

२०२३ च्या दिवाळीनंतर मी गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या एका कारागिराकडून हाताने बांधलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांनी (व्हॉल्व्हनी) आवाज वाढवणारे यंत्र, १ लाख ४० हजार रुपयांना विकत घेतला आणि पुढचे दहा महिने तो ऐकून अगदी तृप्त होत राहिलो. या तृप्तीची मला सर्वांत जास्त लाज वाटते, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. मी नवखा नव्हतो. आमच्या फोंड्याच्या घरात वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मी लहानपणापासून पाहिलेला होता, नाट्यसंगीताच्या तबकड्या सांभाळून ठेवलेल्या होत्या आणि व्हॉल्व्हविषयी वाचनही बऱ्यापैकी होते. तरीही फसलो. किंबहुना जे थोडेफार ठाऊक होते त्याच्याच आधाराने मला फसवले गेले.

त्या गृहस्थांनी एक जुने, उंच छताचे, शिंपल्यांच्या खिडक्यांचे घर भाड्याने घेतले होते आणि ते आपल्या कामाविषयी फार अदबीने बोलत. मी फोंड्याचा आहे हे कळल्यावर त्यांनी मुद्दाम केसरबाई केरकरांचे ध्वनिमुद्रण लावले आणि १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ज्यांचा आवाज अंतराळात गेला त्या आपल्या केरीच्या बाईंना निदान चांगल्या यंत्रावर ऐकावे, असे म्हणाले. समोरचा ॲम्प्लिफायर खरोखरच उत्तम होता. त्यांनी तो उलटा करून खालची बाजूही दाखवली. छापील सर्किट बोर्डाचा पत्ता नव्हता. प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने ओढलेली, प्रत्येक जोड स्वच्छ डाग दिलेला. मला मिळणार होता तो अगदी असाच, फणसाच्या लाकडाच्या चौकटीत बसवलेला. डाव्या-उजव्या प्रत्येक वाहिनीला एक ईएल३४ हा स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह, पुढे ईसीसी८३ हा लहान व्हॉल्व्ह, वीज एकदिश करणारा रेक्टिफायर म्हणून जीझेड३४, सिंगल एंडेड जोडणी (म्हणजे वाहिनीचा सारा सिग्नल एकाच पॉवर व्हॉल्व्हने वाढवणारी), ट्रायोड पद्धतीने सुमारे ६ वॅट आणि ईएल३४ जुन्या साठ्यातले, इंग्लंडमधल्या मुलार्ड कंपनीचे.

पैसे तीन हप्त्यांत दिले. बिल केले तर १८ टक्के जीएसटी द्यावा लागेल आणि तो अखेर तुमच्याच खिशातून जाईल, असे ते म्हणाले, आणि तेव्हा वाचणारे २५ हजार रुपये मलाही गोड लागले. मोबाइलवरून पैसे पाठवताना टिपणाच्या जागी ‘हातउसने परत’ असे लिहा, ही सूचनाही मी निमूटपणे पाळली. पुढे पोलीस चौकीत हेच दोन शब्द माझ्यासमोर ठेवून, हा तर तुमच्या आपसातल्या उधारीचा व्यवहार दिसतो, असे मला ऐकवण्यात आले.

ॲम्प्लिफायर घरी आला तो तळाला पत्रा बसवलेला आणि चारही स्क्रूंच्या डोक्यांवर लाल लाख लावलेला. आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकून राहतो, म्हणून लाख तुटली की हमी संपली, असे त्यांनी बजावले. बरोबर हाताने लिहिलेला एक कागद होता: स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये, बंद केल्यावर गार झाल्याशिवाय हलवू नये, पावसाळ्यात निदान एक दिवसाआड तासभर चालवावे. यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते, आणि इतके बरोबर लिहिणारा मनुष्य खोटे यंत्र देईल ही शंका मला शिवली नाही.

घरच्या घरी कराव्यात अशा दोन परीक्षा मी केल्या आणि दोन्हींत यंत्र उतरले. बटण दाबल्यावर आवाज लगेच न येता वीसेक सेकंदांनी हळूहळू वर येई, आणि पुढच्या लहान व्हॉल्व्हवर पेन्सिल टेकवली की स्पीकरमधून टणत्कार उमटे. व्हॉल्व्हचे यंत्र असेच वागते. आज कळते की ईसीसी८३ मधून सिग्नल खरोखरच जात होता आणि माझ्या दोन्ही परीक्षा फक्त त्या एका व्हॉल्व्हच्या होत्या. ज्याचे मी मुख्य पैसे मोजले होते तो भाग मी तपासलाच नाही.

खुणा मात्र होत्या. माझे स्पीकर ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे आहेत, म्हणजे १ वॅटला एक मीटरवर तेवढाच आवाज देणारे, आणि अशा स्पीकरवर ६ वॅटचे यंत्र मोठ्या आवाजाला फाटू लागते. मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेले असताना मी ते बाहेरच्या पडवीपर्यंत ऐकू जाईल इतके वाढवले, तरी तबल्याची थाप जशीच्या तशी राहिली. संशय येण्याऐवजी मी मेहुण्यांना कौतुकाने म्हणालो, ‘पाहा, सहाच वॅट, पण हातचे काम!’ दुसरी खूण म्हणजे फडताळावर यंत्राखाली दर महिन्याला साचणारी तांबडी भुकटी. गोव्यात तांबडी धूळ कशावर नसते? मी ती पुसत राहिलो.

२०२४ च्या चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, रंगकाम निघाले तेव्हा यंत्र हलवावे लागले आणि त्या धांदलीत डाव्या ईएल३४ ला शिडीचा निसटता धक्का बसला. काच फुटलेली दिसली नाही. संध्याकाळी यंत्र सुरू केले, तर दोन्ही बाजूंनी गाणे व्यवस्थित चालू होते, पण डाव्या व्हॉल्व्हच्या आत उजेड नव्हता. वाकून पाहिले. व्हॉल्व्हच्या माथ्यावर आतून जो आरशासारखा चंदेरी थर असतो तो दुधासारखा पांढराफटक झाला होता. हा थर बेरियमचा असतो, तो आतली उरलीसुरली हवा शोषून घेतो, आणि बाहेरची हवा आत शिरली की पांढरा पडतो. पांढरा थर म्हणजे मेलेला व्हॉल्व्ह, याला दुसरा अर्थच नाही. मी डाव्या स्पीकरला कान लावला. तो उजव्याइतकाच स्वच्छ गात होता.

दुसऱ्या दिवशी यंत्र गाडीत घालून म्हापशाच्या एका वयोवृद्ध रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेले. त्यांनी आधी व्हॉल्व्हकडे, मग माझ्याकडे पाहिले. ‘अरे, हा मेला आहे, मग ही बाजू वाजवतो कोण?’ यंत्र बंद करून, गार होऊ देऊन त्यांनी उजवाही ईएल३४ उपसून काढला, मग रेक्टिफायर काढला आणि पुन्हा बटण दाबले. तिन्ही खोबणी रिकाम्या आणि गाणे चालूच! काकांनी स्क्रूवरची लाख नखाने खरवडली.

आत पत्र्याला घट्ट आवळलेल्या दोन हिरव्या पाट्या होत्या आणि त्यांवर पंधरा-पंधरा पायांच्या टीडीए७२९४ या, व्हॉल्व्हशिवायच आवाज वाढवणाऱ्या चिप. अशा तयार पाट्या बाजारात काहीशे रुपयांना मिळतात. ईएल३४ ना फक्त फिलामेंटच्या, म्हणजे आतून तापवणाऱ्या तंतूच्या, दोन तारा जोडलेल्या होत्या, बाकीच्या पिना कोऱ्या होत्या. फिलामेंटचा पुरवठाही धड नव्हता. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला आणि आमच्याकडे रात्री दाब २४५ पर्यंत चढतो, त्यामुळे ६.३ ऐवजी जवळजवळ ७ व्होल्ट मिळत होते. म्हणजे नुसत्या शोभेपुरते तापवलेले व्हॉल्व्हसुद्धा मर्यादेबाहेर तापवले जात होते.

मग काकांनी वरच्या दोन काळ्या डब्यांपैकी एक उघडला. व्हॉल्व्हच्या यंत्रात आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्हचा सिग्नल स्पीकरला जुळवून देणारा ट्रान्सफॉर्मर, ही सर्वांत महाग आणि सर्वांत कष्टाची वस्तू असते. सिंगल एंडेड जोडणीत त्याच्या वेटोळ्यांतून सिग्नलबरोबर सतत एकदिश प्रवाह वाहतो, त्याने गाभा चुंबकत्वाने भरून जाऊ नये म्हणून गाभ्यात मोजून फट ठेवावी लागते, फट ठेवली की गाभा मोठा घ्यावा लागतो आणि वरच्या स्वरांसाठी वेटोळी थराथरांनी एकमेकांत गुंफावी लागतात. खरा कारागीर पैसे मागतो ते मुख्यतः यासाठी. माझ्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून गोंदाने चिकटवलेला चिऱ्याचा, म्हणजे तांबड्या जांभा दगडाचा, तुकडा निघाला. दुसऱ्या डब्यातही चिराच. ज्या दगडाची आमच्या घराची भिंत, त्याच दगडाचे हे ट्रान्सफॉर्मर, आणि दहा महिने मी पुसत होतो तो त्यांचा भुगा. संतापाच्या भरातही मला हसू आले, हे कबूल करतो.

व्हॉल्व्हवरचे ‘मुलार्ड’ हे नाव ओल्या अंगठ्याने पुसले गेले. तसेही नाव हा पुरावा नव्हेच, कारण आज याच नावाने रशियातील सारातोव्ह येथे नवे व्हॉल्व्ह राजरोस बनतात. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या जुन्या मुलार्ड ईएल३४ वर काचेच्या तळाजवळ ‘एक्सएफ’ने सुरू होणारी खूण आणि तिच्याखाली कारखान्याचे ‘बी’ अक्षर असलेली दुसरी ओळ कोरलेली असते. माझ्या काचेवर काहीच नव्हते.

हे सारे घेण्याआधी कळण्यासारखे होते, आणि तेही लाख न तोडता. यंत्राचे वजन १७ किलो सांगितले होते. नंतर वाण्याच्या काट्यावर ते ११ भरले. त्याहून खात्रीची परीक्षा प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरने होते आणि तो मीटर हजार-दीड हजारात मिळतो. दोन ईएल३४ ची फिलामेंट मिळून १९ वॅट, रेक्टिफायरचे साडेनऊ, आणि खरोखर काम करणारा ईएल३४ प्लेटवर २५ वॅटपर्यंत उष्णता टाकतो. म्हणजे असे खरे यंत्र गाणे नसतानाही शंभराच्या आसपास वॅट ओढते आणि आवाज वाढवला तरी आकडा फारसा हलत नाही, कारण सिंगल एंडेड यंत्र सदैव पूर्ण प्रवाहावरच चालते. माझे यंत्र शांत असताना ४६ वॅट घेत होते आणि आवाजाबरोबर आकडा ८० च्या वर उड्या मारत होता. हा मीटर विक्रेत्याच्या समोर लावावा. त्याच्याच हातून, यंत्र बंद करून, एक पॉवर व्हॉल्व्ह काढून घ्यावा आणि क्षणभर यंत्र चालू करायला सांगावे. त्या बाजूचा स्पीकर गप्प झाला पाहिजे. तळाचा पत्राही त्यानेच उघडून दाखवावा, आणि जे यंत्र दाखवले तेच घरी न्यावे, ‘असाच दुसरा’ नव्हे.

मी चिऱ्याचे छायाचित्र त्या गृहस्थांना पाठवले. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही, आणि संध्याकाळपर्यंत माझा क्रमांक रोखलेला होता. भाड्याचे घर रिकामे होते. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण ती पैसे गेल्यापासून काही तासांत केली तरच रक्कम खात्यात अडवता येण्याची आशा असते आणि माझे दहा महिने उलटून गेले होते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही, म्हणून तिथे अर्ज केला आहे. बिल नसल्याने त्यांचे संदेश, बँकेचा उतारा, तो हस्तलिखित कागद आणि काकांचे सहीनिशी निवेदन एवढ्यावरच माझी बाजू उभी आहे.

मागच्या महिन्यात एका परिचिताने मला विक्रीची एक जाहिरात दाखवली. नाव वेगळे, गाव वेगळे, किंमत १ लाख ६५ हजार. छायाचित्रात फणसाच्या चौकटीच्या पुढच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात, काजूच्या बीच्या आकाराची गाठ आहे. ते यंत्र माझ्या घरी, फडताळावर, तळ उघडा पडलेला आहे. छायाचित्रातल्या दोन्ही व्हॉल्व्हचे माथे अजून चंदेरी आहेत.