रोही पळवणारं यंत्र: पैसे देण्याआधी हे वाचा

चाळीसगाव, भडगाव, पारोळा, अमळनेरपासून पार शिरपूर-शहाद्यापर्यंत रात्री-पहाटे पिकअप, टेम्पो किंवा घरची चारचाकी चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बंपरला लावायच्या 'जनावर पळव' शिट्ट्या आणि त्यांच्या जोडीला 'अल्ट्रासोनिक' नावाची काळी डबी विकणारी माणसं आपल्या भागात फिरताहेत. या वस्तूंनी रोही (नीलगाय) रस्त्यातून हटत नाही, रानडुक्कर हटत नाही. पैसे तर जातातच. पण त्याहून वाईट म्हणजे शिट्टी वाजण्यासाठी गाडी जोरात पळवा, असं विकणाराच ड्रायव्हरला सांगतो. आमच्या गाडीला आणि माझ्या भाच्याला याची किंमत मोजावी लागली, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या घरी दोन पिकअप आहेत. वांगी, कोथिंबीर, लिंबू, जो माल असेल तो पहाटे धुळ्याच्या बाजार समितीत पोचवायचा. निघायची वेळ रात्री तीनच्या आसपास. या रस्त्याला रोहीचा त्रास नवा नाही. इकडे गौताळ्याचा डोंगर, तिकडे गिरणाकाठची शेती, आणि मधे हायवे. कपाशीची वेचणी उरकली आणि हरभरा-मका हिरवा झाला की कळपच्या कळप रात्रभर शिवारात असतात आणि उजाडायच्या आत रस्ता ओलांडून परत जातात. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढे भरतो. अंगाने काळपट निळा, अंधारात डांबरासारखाच दिसतो. एवढं धूड पिकअपच्या तोंडावर आलं तर काय होतं, ते या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. ही भीती खरी आहे, आणि विकणारे नेमकी तीच ओळखून येतात.

तो माणूस आमच्या स्टँडवर आला तेव्हा अंगात स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅमिनेट केलेला कागद. कागदावर वनखात्याच्या नावाने 'मान्यता', खाली गोल शिक्का, जावक क्रमांक. मोबाईलवर परदेशातला एक व्हिडिओ, त्यात गाडी जवळ येताच हरणं पळतात. (हरणं गाडी बघूनही पळतातच, त्याला शिट्टी लागत नाही.) मग प्रात्यक्षिक. बॅटरीला जोडलेली डबी त्याने टपरीजवळ झोपलेल्या कुत्र्यासमोर धरली. कुत्र्याने कान टवकारले, उठलं आणि बाजूला झालं. लोक म्हणाले, वा. तिथेच पाच पावलांवर एक गाय कडबा खात उभी होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्याकडे त्याने कुणाला बघूच दिलं नाही.

मी विचारलं, आवाज कुठे येतोय? तो म्हणाला, "दादा, माणसाला ऐकू आला तर यंत्र बिघडलं समजा."

सगळी लबाडी या एका वाक्यात भरलेली आहे. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात; माणसाच्या कानाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो, वय वाढलं की त्याहूनही कमी. त्याच्या वरचा, म्हणजे अल्ट्रासोनिक, आवाज निघतोय की नाही, हे गिऱ्हाईक कसं तपासणार? डबीचा लाल दिवा लागला की यंत्र चालू, असं धरून चालायचं. आतली वस्तू जळली, तार सुटली किंवा मुळात आत काहीच नसलं तरी दिवा लागतच राहणार. विकत घेतलेली वस्तू चालते की नाही हे ज्याला कधीच कळू शकत नाही, असं गिऱ्हाईक या माणसांना हवं असतं.

शिट्ट्यांची जोडी आणि डबी मिळून त्याने चोवीसशे रुपये घेतले. बिलावर फक्त 'कार ॲक्सेसरीज' एवढंच. वॉरंटी कार्डावर पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, नुसता मोबाईल नंबर. स्टँडवरच्या बऱ्याच जणांनी घेतलं. जाताना त्याने प्रत्येक ड्रायव्हरला बजावलं: गाडी साठच्या खाली असली तर शिट्टीत वारा भरत नाही, म्हणून जंगलपट्ट्यात साठ-सत्तरचा वेग सोडायचा नाही. म्हणजे जिथे पाय ब्रेकवर हवा, तिथे तो ॲक्सिलरेटरवर ठेवायला शिकवून गेला.

थंडीतल्या पहाटे मेहुणबाऱ्याच्या पुढे आमच्या गाडीपुढे कळप आला. गाडी भाचा चालवत होता. पहिली मादी उडी मारून पार गेली. तिच्यामागचा नर रस्त्याच्या मधोमध आला आणि दिव्याच्या उजेडात तसाच उभा राहिला. दोन्ही शिट्ट्या बंपरला होत्या, डबीचा लाल दिवा चालू होता, वेग सांगितला होता तेवढाच होता. भाच्याने ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली आणि धडकली. रेडिएटर इंजिनात घुसला, डाव्या बाजूची काच आत आली, भाच्याचा गुडघा डॅशबोर्डखाली अडकला. जनावर तिथेच गेलं. मी पोचलो तेव्हा तो लिंबाच्या सांडलेल्या क्रेटांमध्ये बसून एकच सांगत होता, "मामा, तो हालनाच नही." पोराचा जीव वाचला, पण पायाचं दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही.

विकणाऱ्याला फोन लावला. त्याने विचारलं, वेग किती होता? पासष्टच्या आसपास म्हटल्यावर म्हणाला, मग वारा कमी पडला, ऐंशी पाहिजे होता. आमच्याच स्टँडवरच्या दुसऱ्या एकाच्या गाडीला रानडुक्कर धडकलं होतं. त्याला याच माणसाने सांगितलं होतं की वेग जास्त झाला, आवाज पुढे पोचायला वेळच मिळाला नाही. दोन्ही उत्तरं आम्ही एकत्र त्याच्यासमोर ठेवली, त्यानंतर तो नंबर बंदच झाला. वनपरिक्षेत्र कार्यालयात 'मान्यते'चा फोटो दाखवला, तर तो जावक क्रमांक त्यांच्या नोंदीतच नव्हता. डबी चाळीसगावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे उघडली. आत एक दिवा, एक लहान सर्किट आणि पत्र्याची पातळ पिझो चकती, खेळण्यात पी-पी वाजणारी असते तीच. त्याच्या अंदाजाने सगळा माल शंभर रुपयांच्या आतला.

कुणी म्हणेल, तुम्हाला नकली माल मिळाला, असली कंपनीचा घेतला असता तर चाललं असतं. मलाही हा प्रश्न पडला होता, म्हणून कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना घेऊन बसलो आणि याच्या चाचण्या कुठे झाल्यात ते शोधलं. अमेरिकेत हरणं गाडीखाली येण्याचं प्रमाण मोठं, म्हणून या शिट्ट्या तिकडे कित्येक वर्षं विकल्या जातात, आणि तपासल्याही तिथेच गेल्या. युटा राज्यात दोन कंपन्यांच्या शिट्ट्या लावून गाडी हरणांच्या दीडशे कळपांजवळून नेली. १९९२ साली छापून आलेला निष्कर्ष असा की शिट्टी असताना आणि नसताना हरणांच्या वागण्यात फरक नाही. जॉर्जिया विद्यापीठाच्या लोकांनी २००९ साली चालत्या गाडीतून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज हरणांना ऐकवले. टक्कर टळेल असं त्यातल्या एकाही आवाजाने घडलं नाही. ऑस्ट्रेलियात कांगारूंसाठी बॅटरीवर चालणारी डबी विकतात, आपल्याकडच्या डबीची थोरली बहीणच. मेलबर्नच्या संशोधकांनी ती तपासली, कांगारूंनी दखल घेतली नाही. ही सगळी असली, कंपनीची वस्तू होती.

असं का होतं, तेही समजून घ्या. पहिली गोष्ट, आवाज जितका बारीक, म्हणजे वरच्या पट्टीचा, तितका तो हवेत लवकर विरतो. त्यात इंजिनाचा, टायरचा, वाऱ्याचा गोंगाट. कनेक्टिकट विद्यापीठात अशा शिट्ट्या मोजल्या तेव्हा काहींचा आवाज तीन हजार हर्ट्झच्या आसपास निघाला, म्हणजे अल्ट्रासोनिक नव्हताच, आणि तो रस्त्याच्या गोंगाटातच बुडून जातो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. समजा आवाज पोचला, तरी जनावराने काय करावं अशी अपेक्षा आहे? त्याला तो आवाज म्हणजे गाडी, आणि गाडी म्हणजे मरण, हे कोण शिकवणार? अनोळखी आवाज आला की जनावर आधी थांबतं, कान लावतं. रस्त्याच्या मधे उभं असेल तर मधेच थांबेल. घाबरून पळालं तर कळप ज्या बाजूला गेला तिकडे पळेल, आणि ती बाजू गाडीसमोरून जाणारी असू शकते.

आता ड्रायव्हरच्या कामाचा हिशोब. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक. ऐंशीला हेच अंतर सत्तर मीटरच्या जवळ जातं, माल भरलेला असेल, टायर झिजलेले असतील तर त्याहून पुढे. डिपर खाली असताना आपल्याला नीट दिसतं चाळीस-पन्नास मीटर. साठला जेमतेम वाचाल, ऐंशीला दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणून या शिट्टीसाठी वेग वाढवायला सांगणारा माणूस मला नुसता लबाड वाटत नाही, तो जीवावर उठलेला वाटतो.

आमच्या गाड्या आता त्या पट्ट्यात चाळीस-पंचेचाळीसने जातात. समोरून वाहन नसेल तर अप्पर लाईट ठेवतो. कडेला डोळे चमकलेले दिसले की तिथूनच वेग कमी. एक रोही गेली की मागची येणार असं धरूनच थांबायचं, कारण धडक दुसऱ्या-तिसऱ्या जनावरालाही होऊ शकते. नाल्याच्या मोऱ्या, वेडी बाभूळ रस्त्याला टेकलेली वळणं आणि जिथे लेंड्यांचे ढीग दिसतात त्या जागा नव्या ड्रायव्हरला दिवसा दाखवून ठेवतो, कारण रोही पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी लेंड्या टाकते आणि तिचा राबता तिथे असतो. आणि धडक अटळ वाटली तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, स्टेअरिंग फिरवू नका. भरलेली पिकअप रोहीला चुकवताना उलटली तर आतला माणूस जातो.

जनावरं रस्त्यावर येऊच नयेत यासाठी जे खरोखर चालतं ते बंपरवर बसत नाही, रस्त्यात बांधावं लागतं. नागपूरकडून पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचलून घेतलाय. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघापासून रानडुकरापर्यंत जनावरं त्या खालच्या वाटेने जाताना टिपली गेली आहेत. कुंपण आणि भुयारी वाट ही मागणी आपल्या भागातल्या रस्त्यांसाठीही लावून धरायला हवी.

धडक झालीच तर दोन गोष्टी विसरू नका. रोही आणि रानडुक्कर दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मेलेलं जनावर हलवू नका, कुणाला नेऊ देऊ नका, नाहीतर अपघाताचा गुन्हा शिकारीचा होऊन बसेल. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा आणि पंचनामा करून घ्या. विम्याच्या दाव्यालाही तो पंचनामा आणि जागेवरचे फोटो लागतात. तोही विमा फुल असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टीवर स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. 'हे यंत्र लावलं की विम्याचा हप्ता कमी होतो' असं तो माणूस सांगत होता. आमच्या विमा एजंटाला विचारलं, अशी सवलतच नाही.

ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी यंत्र फेकू नका. बिल, खोका, वॉरंटी कार्ड, फोन-पेचा किंवा गुगल-पेचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेले व्हिडिओ, सगळं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे. खोट्या शिक्क्याची तक्रार वेगळी, ती पोलीस ठाण्यात. आम्ही स्टँडवरच्या लोकांनी मिळून दोन्हीकडे अर्ज दिलेत. पैसे ज्या खात्यावर गेले त्याचा तपशील अर्जासोबत जोडलाय.

त्याच वर्णनाचा माणूस नंतर अनेर धरणाच्या बाजूला, शिरपूर तालुक्यातल्या आठवडे बाजारात दिसल्याचं एका ड्रायव्हरने कळवलंय. आता तो हीच डबी शेतकऱ्यांना पिकाच्या राखणीसाठी म्हणून विकतो, खोका तोच आहे, वरचं स्टिकर बदललंय. तुमच्या बाजारात दिसला तर पैसे देण्याआधी त्याच्या कागदावरच्या जावक क्रमांकाचा फोटो घ्या आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात दाखवा.