सही खोटी, चित्र जुनं: डच समुद्रचित्रात ८,८५० युरो बुडाले

चित्र खरोखर जुनं होतं, आणि यातली सगळ्यात हलकट गोष्ट हीच. कॅनव्हास जुना, रंग जुना, भेगाही खऱ्या. खोटी फक्त चित्रातल्या तरंगत्या फळकुटावरची सही. नेदरलँड्समधल्या एका विक्रेत्याने रॉटरडॅमचा समुद्रचित्रकार याकोब बेलेव्हॉइस (मृत्यू १६७६) याचं म्हणून ते आमच्या गळ्यात मारलं. चित्राचे ७,८०० युरो, ‘तज्ज्ञ अहवाला’चे ४५०, फ्रेमचे ६००.

नाव मुद्दाम दुसऱ्या फळीतलं निवडतात. व्हान दे व्हेल्डेसारखा बडा डच समुद्रचित्रकार म्हटलं की जाणकार भिंग घेऊन येतात; बेलेव्हॉइस म्हटलं की किंमत पटते आणि खोलात कोणी जात नाही.

उजवीकडच्या जहाजावर लाल इंग्लिश निशाण आहे. १७०७ पूर्वी त्याच्या कोपऱ्यात पांढऱ्यावर लाल क्रूस असे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या युनियनचं निळ्या पार्श्वभूमीचं चिन्ह त्या कोपऱ्यात १७०७ मध्ये आलं. इथे निळा रंग आहे! चित्रकार गेल्यावर ३१ वर्षांनी आलेलं निशाण. व्यवहार तिथेच मोडायला हवा होता. पण पिवळ्या पडलेल्या वार्निशखाली निळा काळपट हिरवा दिसतो, आणि फोटोत नेमका तो कोपरा अंधारात ठेवला होता. कोणाच्याही नजरेतून सुटलं असतं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये डच धर्तीवर अशी पुष्कळ चित्रं झाली, त्यातलंच हे निनावी.

सही अतिनील दिव्याखाली बघाच. जुनं वार्निश हिरवट चमकतं, वरून केलेली सही काळी उठते. सहीचा रंग भेगांत उतरला असेल तर ती भेगांनंतरची. मागून नवा कॅनव्हास चिकटवला असेल तर मूळ पाठ झाकली गेलेली असते. चौकटीवरच्या जुनाट चिठ्ठीला मग काडीची किंमत देऊ नका. लिलावाच्या यादीत ‘बेअर्स सिग्नेचर’ (नुसतं ‘सही आहे’) असेल तर सही दुसऱ्याच हाताची आहे, असं लिलाववाल्यांचंच मत असतं.

पोलीस म्हणतात, हा दिवाणी वाद. “चित्र जुनं आहे ना, मग बनावट काय?” जुन्या चित्रावर नवी सही ठोकणं बनावट नाही, तर काय आहे? ग्राहक कक्षाने तर हातच झटकले: पावतीवर विकणारा म्हणून दुकान नाही, खासगी व्यक्ती आहे, त्यामुळे ऑनलाइन खरेदीचा १४ दिवसांत परत करण्याचा हक्क लागू नाही. पावती तशी का केली, ते आता कळतंय. वकिलाच्या एका पत्राचे ३२५ युरो वेगळेच.

हेगच्या आरकेडी या कलेतिहास संस्थेचा चित्रांच्या फोटोंचा संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो. त्या चित्रकाराची जहाजं, निशाणं, सह्या आधी तिथे ताडून पाहा. आणि पावतीवर चित्रकाराचं पूर्ण नाव व ‘नाव चुकीचं ठरल्यास पूर्ण रक्कम परत’ हे लिहून मिळेपर्यंत एक युरोही देऊ नका.