नवी मुंबईचा फ्लोअर की गावचं माजघर? कॉल सेंटरची नोकरी घेण्याआधी

गणपतीत गावी गेले की वाडीतलं कुणीतरी विचारतंच, "ताई, कॉल सेंटरचा जॉब घेऊ का? आणि घेतला तर तिकडे जाऊन, की घरूनच?" मी गुहागर तालुक्यातली. चार वर्षं नवी मुंबईत फ्लोअरवर, म्हणजे कंपनीच्या ऑफिसातल्या कॉल घेण्याच्या हॉलमध्ये बसले, मग दीड वर्ष घरच्या माजघरातून तेच काम केलं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी काम काय ते. ग्राहकाने नंबर फिरवला की "मराठीसाठी दोन दाबा" असा आवाज येतो. त्याने दाबलेल्या बटणावरून सिस्टीम एजंट शोधते: मराठी येणारा, त्या विषयाचं ट्रेनिंग झालेला आणि बराच वेळ मोकळा असलेला. तुमच्या हेडसेटमध्ये बीप वाजते, स्क्रीनवर माहिती उघडते, तुम्ही बोलता, नोंद करता, पुढचा कॉल. हे इनबाउंड. आउटबाउंडमध्ये डायलर, म्हणजे आपोआप फोन लावणारी सिस्टीम, नंबर लावत राहतो आणि तुम्ही विक्री किंवा वसुली करता. निवड हातात असेल तर इनबाउंडच घ्या. वसुलीच्या कॉलवर जे ऐकावं लागतं, ते पहिल्याच नोकरीत कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आता एक हिशोब, कारण सगळी शिस्त त्यातून येते. तासाला 60 कॉल, प्रत्येक कॉल 5 मिनिटांचा. झाली 300 मिनिटं, म्हणजे पाच माणसांचं काम. पण कॉल एकामागून एक ओळीने येत नाहीत. कधी दहा एकदम येतात, कधी दोन मिनिटं शुकशुकाट. 80 टक्के कॉल 20 सेकंदांत उचलायचे, हे या धंद्यातलं जुनं माप. ते गाठायला पाचाच्या जागी आठ माणसं बसवावी लागतात. सातच असली तर माप चुकतं. डेन्मार्कच्या एर्लांगने टेलिफोन एक्स्चेंजसाठी शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं हे गणित आजही रोस्टर, म्हणजे कोण कधी बसणार याचा तक्ता, ठरवतं. चहाला पाच मिनिटं जास्त लागली की टीम लीडर का येतो, ते यावरून कळेल. आणि गावात लाईट गेली तर काय होतं, तेही.

फ्लोअरची खरी कमाई म्हणजे शेजारची खुर्ची. माझ्या बाजूला एक अनुभवी ताई बसायच्या. कॉल आला की पहिलं वाक्य बोलायच्या आत ग्राहकाचं नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहायच्या. होल्डवर ठेवताना "दोन मिनिटं घेऊ का?" असं विचारायच्या आणि माहिती मिळाली नसली तरी दोन मिनिटांनी परत येऊन तसं सांगायच्या. मी "थांबा हां" म्हणून म्यूट दाबायची. पहिल्या महिन्यात माझे कॉल तपासून मला जे गुण मिळाले ते ट्रेनिंगमुळे कमी, त्या चिठ्ठ्यांमुळे जास्त. घरून हे मिळत नाही. चॅटवर विचारलेल्या शंकेचं उत्तर येईपर्यंत ग्राहक चिडलेला असतो.

फ्लोअरची किंमतही तशीच. खोलीभाडं, मेस, डिपॉझिट पगारातून वजा करून मगच आकडा बघा. शिफ्ट कोणत्या देशाची ते विचारा: इंग्लंडची प्रोसेस, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं काम, दुपारी सुरू होऊन रात्री संपते, अमेरिकेची बहुतेक सगळी रात्र खाते, देशातली बरीचशी दिवसाची. मुलींनी एवढं लक्षात ठेवावं की महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर तुमच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि लावलं तर सुरक्षा आणि घरापर्यंतची गाडी ही मालकाची जबाबदारी. कॅब हा उपकार नव्हे.

घरून काम करणं आता सोपं झालंय, कारण दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2020 मध्ये या कंपन्यांवरचे नियम बरेच सैल केले. भाडं वाचतं, आईच्या हातचं जेवण मिळतं, आंब्याच्या दिवसांत घराला हातभार लागतो. पण नेटचा स्पीड दाखवून खूश होऊ नका. एका कॉलला साधारण 100 केबीपीएस, म्हणजे अगदी थोडा वेग पुरतो. लागतो तो अखंडपणा. क्षणभर नेट अडखळलं की ग्राहकाला अर्धाच शब्द ऐकू जातो. आमच्या पडवीवर पत्रा आहे. आषाढातली सर आली की समोरचा विचारायचा, "मागे मशीन चालू आहे का?" शेवटी माळ्याखालच्या आतल्या खोलीत, दाराला गोधडी लावून बसले. राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर काही तास निघतात, पण झाड पडून केबल तुटली तर इन्व्हर्टर काय करणार? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं, तेव्हा तिकडची कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती.

एका कंपनीने माझी लाईट गेली तेव्हा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. ऑफर लेटरमध्ये त्याबद्दल अक्षर नव्हतं. तेव्हा सही करण्याआधी लेखी विचारा: वीज किंवा नेट गेलं तर रजा धरणार की पगार कापणार? लॅपटॉप कुणाचा? आणि नोकरी देण्यासाठी कुणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा. खरी कंपनी पैसे घेत नाही.

पहिलीच नोकरी असेल तर मी सांगेन, निदान सहा महिने फ्लोअरवर जा, मग घरून मिळतंय का ते बघा. घरी म्हातारं माणूस आहे, जाणं शक्यच नाही, अशांनी चॅट किंवा ईमेलची प्रोसेस शोधावी. तिथे पत्र्याचा आवाज आड येत नाही. आणि घरूनच करायचं ठरत असेल तर होकार कळवण्याआधी, भर पावसाच्या दिवशी, जिथे बसणार त्याच जागेवरून मैत्रिणीला नेटवरून अर्धा तास कॉल लावा. तिला किती वेळा "काय म्हणालीस?" विचारावं लागलं, ते मोजा.