मुलींची बुद्ध्यांक-व्यक्तिमत्त्व चाचणी: पाचपैकी दोन तारे, तेही ठोकळ्यांचे

थोरली आठवीत, धाकटी पाचवीत. दोघींची चाचणी एकदमच करून घेतली, मिळून ५,५०० रुपये. केंद्राचं नाव लिहीत नाही, भांडण तिथेच करून आलेय.

बुद्ध्यांकाचा भाग खरंच चांगला. बाईंनी एकेकीला तासभर घेतलं. ठोकळे जुळवणं, कोडी, आकडे उलटे म्हणणं. घाई नाही, आवाज चढवणं नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या अहवालात थोरली निघाली 'लाडावलेली, बेफिकीर, नियम न जुमानणारी'. नवरा म्हणाला, "अगदी बरोबर! कपाट बघ हिचं." धाकटी 'जबाबदार, नेतृत्वगुण'. तेही पटलं, घरात हुकूम तीच सोडते. रात्री ओटा पुसताना ट्यूब पेटली: फॉर्मवर 'जन्मक्रम'च्या रकान्यात मीच १ आणि २ची अदलाबदल केली होती. म्हणजे चार पानं त्या एका आकड्यावरून छापलेली! आणि आम्ही दोघं माना डोलावत बसलो. फोन केला तर म्हणे, "क्रम बदलून नवीन प्रिंट देतो, ३०० रुपये पडतील."

मग मीच वाचायला बसले. २०१५ साली जर्मन संशोधकांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,०००हून जास्त लोकांची माहिती तपासली. थोरला जबाबदार, शेंडेफळ बंडखोर, असलं काहीही हाती लागलं नाही. बुद्ध्यांकात फरक दिसला, पण सरासरी दीडेक गुणाचा. नॉर्वेत २००७ साली सैन्यभरतीच्या सुमारे २,४०,००० तरुणांचे गुण पाहिले, तिथेही थोरले दोन-तीन गुणांनी पुढे. पण ज्यांचं वरचं भावंड लहानपणीच गेलं होतं, त्या दुसऱ्या मुलांचे गुण थोरल्यांसारखेच! म्हणजे पोटातून कितवा आला यापेक्षा घरात कितवा म्हणून वाढला, हे महत्त्वाचं. धाकट्यांना शिकवता शिकवता थोरल्यांचंच पक्कं होतं, असं एक कारण सांगतात. ते मला पटतं. आमची थोरली चिंचोके मांडून धाकटीला भागाकार शिकवते, 'बाकी' कुठून आली ते सांगताना स्वतःच अडते, परत मोजते.

आमच्याकडे मात्र धाकटीचा बुद्ध्यांक ४ गुणांनी जास्त आला. थोरलीला सांगू का, असं ठोकळेवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तीच मुलगी पुढच्या आठवड्यात आणलीत तरी चार-पाच गुण इकडेतिकडे होतील. नका सांगू."

याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.