जुन्या थारला मागचा लॉकर: एक पावसाळा आणि नऊ महिन्यांनंतर

काकांच्या कलमांच्या बागेत जायला लांज्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडावा लागतो. पुढे दोन किलोमीटर तांबडी वाट, मध्ये एक पऱ्या (छोटा ओढा) आणि पऱ्या ओलांडला की लगेच जांभ्याचा चढ. चढाच्या तोंडाशी डावीकडे पाण्यानं खाल्लेली घळ आहे आणि तिथून गाडीभर अंतरावर उजवीकडे खड्डा. त्यामुळे मागचं डावं चाक घळीत लोंबकळतं तेव्हाच पुढचं उजवं खड्ड्यावर अधांतरी येतं. मागच्या वर्षीपर्यंत दर पावसाळ्यात मी इथे अडकायचो. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) लावलेलं, इंजिन गुरगुरतंय, अधांतरी दोन चाकं पंख्यासारखी फिरताहेत आणि जमिनीवरची दोन ढिम्म.

काका छत्री घेऊन बाजूला उभे राहायचे. एकदा म्हणाले, "फोर बाय फोर ना रे तुझी? मग दोनच चाकं का फिरतायत?"

या प्रश्नापायी मी मे महिन्यात खर्चात पडलो आणि मागच्या दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारा लॉकर बसवला.

माझी महिंद्रा थार २०१३ची, अडीच लिटर सीआरडीई डिझेल. पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारी यंत्रणा) ओपन, म्हणजे बिनलॉकरचे. २०१५च्या फेसलिफ्टपासून मागच्या एक्सलला मेकॅनिकल लॉकर मिळू लागला, माझ्या नशिबी तो नव्हता. ओपन डिफरन्शियल वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीनं फिरू देतं. रस्त्यावर त्याच्याइतकं शहाणं यंत्र नाही. पण ते दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरायला लागतो तेवढाच जोर जमिनीवरच्या चाकालाही मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. फोर व्हील ड्राइव्ह जोर पुढे आणि मागे वाटतं, डावं-उजवं सोडवत नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, पण ते नीट कळायला मला पाच पावसाळे लागले. तोवर हँडब्रेक अर्धा ओढून क्लच जाळायचा उद्योग चालू होता.

मी बसवला तो गव्हर्नरवाला मेकॅनिकल लॉकर, ज्याला सगळे एमएलडी म्हणतात. बटण नाही, तरफ नाही, कॉम्प्रेसर नाही. आत एक छोटा गव्हर्नर असतो, त्यावर दोन वजनं. डाव्या-उजव्या चाकाच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की वजनं बाहेर फेकली जातात, खटक्यात अडकतात, त्या धक्क्यानं कॅम चढतो, क्लच प्लेटा दाबल्या जातात आणि दोन्ही चाकांचे शाफ्ट एक होतात. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर खटका आपोआप बाजूला होतो, त्यामुळे हायवेवर लॉक होण्याची भीती नाही. हवेच्या दाबानं लागणाऱ्या एअर लॉकरचाही विचार केला होता. तो हवा तेव्हा शंभर टक्के लॉक होतो, पण कॉम्प्रेसर, नळ्या आणि वायरिंग धरून खर्च माझ्या आवाक्याबाहेर गेला. शिवाय वहाळातून गाडी घालणाऱ्यानं अंगावर जितक्या कमी नळ्या बाळगाव्यात तितक्या बऱ्या.

सामान, बेअरिंग, ऑइल आणि मजुरी मिळून ४८ हजार गेले. क्राऊनचे (डिफरन्शियलला फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात आणि शाफ्टच्या स्प्लाइन (टोकाच्या खाचा) मोजूनच सामान घेतलं. तुम्हीही मोजून घ्या, "बसतंय की" या शब्दावर विश्वास ठेवू नका.

बसवण्याची कथा वेगळी. कोल्हापुरातल्या एका गॅरेजनं दोन दिवसांत काम करून दिलं आणि पहिल्याच आठवड्यात साठ-सत्तरच्या वेगाला, अॅक्सिलरेटर सोडला की मागून बारीक "हूं" यायला लागलं. मिस्त्री शेजारी बसून चक्कर मारून आले नि म्हणाले, "क्राऊनचा आवाज न्हाई सायेब, टायरचा हाय." मला वाटलं असेल. भावाच्या गाडीची चाकं काढून लावली, "हूं" तसाच. मग दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हौसिंग (डिफरन्शियलचं कवच) उघडून क्राऊनच्या दातांना निळी पेस्ट लावली, हातानं फिरवलं आणि पिनियनचा (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा) ठसा दाखवला. तो दाताच्या मध्यावर पडायला हवा, माझा कडेला पडला होता. शिम (पातळ चकत्या) बदलले, डायल गेज (बारीक अंतर मोजणारं साधन) लावून क्राऊन-पिनियनमधला प्ले पुन्हा बसवला. मिलीमीटरच्या दशांशाची गोष्ट, पण आवाज गेला तो आजतागायत आला नाही. माझं मत विचाराल तर लॉकर कुठला घ्यावा यापेक्षा तो बसवणाऱ्याकडे डायल गेज आहे का, हे आधी विचारा.

ऑइलबद्दल एक गोष्ट. पहिले मिस्त्री उत्साहानं लिमिटेड स्लिपची अॅडिटिव्हची बाटली ओतायला निघाले होते. माझ्या युनिटच्या कागदावर साधं जीएल-५ गिअर ऑइल आणि अॅडिटिव्ह नको असं स्पष्ट होतं. आतल्या प्लेटांनी एकमेकींना धरावं म्हणून तर हा खर्च, त्यांना आपणच निसरडं करायचं म्हणजे कमाल झाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मिरगाचे दोन सडाके पडून गेल्यावर, पहिली खरी परीक्षा. तोच चढ, तेच काका. फोर-लो, पहिला गिअर, टायरमध्ये २० पीएसआय हवा, अगदी हळू, पुस्तकात लिहितात तसं. मागचं डावं घळीत गेलं, पुढचं उजवं उचललं आणि गाडी थांबली. दोन चाकं फिरताहेत, दोन ढिम्म. ४८ हजार पाण्यात, काका छत्रीखाली.

मी सवयीनं अॅक्सिलरेटर सोडला. हीच ती सवय, जी मोडायला मला पुढचे दोन महिने लागले.

हिशेब नंतर घरी बसून मांडला. एक चाक स्थिर आणि दुसरं मिनिटाला १०० फेऱ्या, म्हणजे डिफरन्शियलच्या पोटातला क्राऊन ५० फेऱ्या फिरायला हवा. फोर-लो पहिल्यात सगळी गिअरिंग मिळून माझ्या गाडीचं इंजिन साधारण चाळीस वेळा फिरतं तेव्हा क्राऊन एकदा फिरतो. मग ५० फेऱ्यांना इंजिन दोन हजारांच्या आसपास पाहिजे. आयडलवर क्राऊन विसाच्या आतच राहतो, फरक चाळीसच्या खाली. लॉकर बिघडलेला नव्हता, त्याला उठवायला कोणी हाकच मारली नव्हती.

दुसऱ्या खेपेला फोर-लो दुसऱ्यात गेलो. चाक फिरायला लागलं तेव्हा पाय उचलला नाही, उलट जरासा दाबून धरला. एक, दीड सेकंद, आणि मागून "ठक्क" असा आवाज आला की काका दोन पावलं मागे सरले. त्यांना वाटलं शाफ्ट तुटला. मलाही तेच वाटलं. पण गाडी चढून वर उभी होती.

बटणवाल्या लॉकरात तुम्ही आधी लॉक करता, मग अडचणीत शिरता. हा आधी अडकतो, मग लॉक होतो. तो कायम एक क्षण उशिरा येतो. सपाट चिखलात त्यानं काही बिघडत नाही. पण शेवाळलेल्या चढावर तोच क्षण महागात पडतो, कारण चाक फिरलं की आलेला जोम संपतो आणि वरचा बुळबुळीत थर आणखी गुळगुळीत होतो. अशा ठिकाणी मी आता चढाच्या आधीच, सपाटीवरच, गती धरून निघतो. आणि पाय स्थिर ठेवतो. दाब-सोड केली की लॉक सुटतो, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, पुन्हा ठक्क.

एक प्रसंग असा आला की तिथे ओपन डिफच बरा होता. जुलैत बागेच्या वरच्या अंगाला गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेनं गाडी तिरकी चालली होती. ओपन असताना एक चाक फिरतं, पण दुसरं जमीन धरून असतं, त्यामुळे मागचा भाग जागेवर राहतो. लॉक झाला तशी दोन्ही मागची चाकं एकदम निसटली आणि गाडीचा पार्श्वभाग हळूच, अगदी मानपानानं, गडग्याला जाऊन टेकला. डाव्या मडगार्डवर अजून तो ओरखडा आहे. तिरक्या उतारावर आता मी पाय इतका हलका ठेवतो की लॉकर झोपलेलाच राहतो. बटण नसण्याची किंमत तीच.

डांबरी रस्त्यावर मात्र त्याचं अस्तित्व जाणवत नाही. आंबा घाटातल्या वळणांवर डाव्या-उजव्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो तो मिनिटाला वीस-तीसचा, त्यानं गव्हर्नर हलत नाही. एकदाच, साखरप्याला ओल्या खडीवरून झटक्यात गाडी वळवून काढताना मागून लाथ बसल्यासारखी झाली. चूक माझीच होती. मायलेज पूर्वीइतकंच, अकरा-बारा.

ज्याची कल्पना केली नव्हती तो फायदा टू-व्हील ड्राइव्हमध्ये झाला. भातलावणीच्या दिवसांत रस्त्याकडेला गाडी उतरवली की मागचं डावं चाक चिखलात रुतायचं, मग खाली उतरा, पुढचे हब बघा, फोर लावा. आता मागची दोन्ही चाकं मिळून गाडी बाहेर काढतात. पावसाळ्यात मी फोर व्हील जितक्यांदा लावायचो त्याच्या निम्म्यांदाही यंदा लावलं नाही.

हजार किलोमीटरला ऑइल काढलं तेव्हा मॅग्नेटिक प्लगवर करडी मलई होती. नवीन सामानाचं ते चालतं, असं जुन्या मिस्त्रींचं म्हणणं. खरा धक्का गणपतीनंतर बसला. ऑइल काढलं तर ताकासारखं पांढरं. पऱ्यात गरम हौसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रेथरमधून (हौसिंगच्या हवेच्या वाटेतून) पाणी ओढलं जातं. दोष लॉकरचा नाही, पण एवढं सामान आत बसवल्यावर ते गंजू देणं परवडत नाही. ब्रेथरची नळी आता टेललाइटपर्यंत वर नेली आहे. खर्च एका वडापावच्या पार्टीइतका, आणि हे काम लॉकरच्या आधी करायला हवं होतं.

मित्राच्या मारुती जिमनीत लॉकर नाही, तिथे ब्रेक फिरणाऱ्या चाकाला आपोआप धरतात. आम्ही दोघं त्याच चढावर गेलो. त्याची हलकी गाडी टरटरत, थांबत-थांबत, पण चढली. माझ्यापेक्षा सभ्यपणे चढली, हे कबूल केलं पाहिजे. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे हातानं लावायचे लॉक असतात. तसं सुख हवं असेल तर गाडीच ती घ्यावी. जुन्या थारला पुढेही लॉकर घालून दे म्हणून मी मिस्त्रींना गळ घातली होती. ते म्हणाले, "पुढचे जॉइंट तुटायला लागले की माझ्याकडं रडत येऊ नगा." स्टिअरिंग वळवलेलं असताना लॉक झालेला पुढचा एक्सल जॉइंटवर किती ताण आणतो, हे त्यांनी कुणाच्या तरी तुटलेल्या सामानावर दाखवलं. विचार रद्द केला.

तुमची गाडी वर्षातून दोनदा पन्हाळ्याला जात असेल तर हे पैसे चांगल्या टायरांत घाला. माझे टायर गुळगुळीत असते तर या लॉकरनं दोन्ही चाकं एकत्र घसरवण्यापलीकडे काही केलं नसतं. ज्याला रोजची वाटच वाकडी आहे, त्यानं मात्र घ्यावा. आणि घेतल्यावर रिकाम्या रानात अर्धा दिवस मुद्दाम चाक फिरवून तो कधी, किती रेव्हला लागतो ते कानानं ओळखून ठेवावं.

चाकाखाली घालायला म्हणून काका पऱ्याच्या काठावर जांभ्याचे आठ चिरे ठेवायचे. दिवाळीत गेलो तर त्यांनी त्यांची कोंबड्यांच्या खुराड्याला पायरी केली होती. त्यातले दोन मी गुपचूप उचलून परत काठावर नेऊन ठेवले. पुढचा डिफ अजून ओपनच आहे.