‘सर्वरोगप्रतिकारक’ टोमॅटो आणि माझे ३,५५० रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, कारण नंतर जो तो मला “एवढ्याशा पैशांसाठी?” हेच ऐकवतोय. २४ रोपं, ४५ रुपयांना एक, झाले १,०८०. १२ ग्रो बॅग ८५ च्या हिशोबाने १,०२०. ‘प्रतिकारशक्तीचं टॉनिक’ म्हणून गळ्यात मारलेल्या दोन बाटल्या १,३००. घरपोचचे १५०. सगळे यूपीआयने, आगाऊ.

सांगली-मिरजेत गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या ग्रुपवर ही जाहिरात फिरत होती. लांबट, गराचा ‘रोमा’ टोमॅटो, सॉस-प्युरीसाठी, ‘सर्व रोगांना १०० टक्के प्रतिकारक’. खोटे अभिप्राय, ‘शेवटची ५० रोपं’, बाकी सगळा प्रकार तुम्हाला ठाऊकच आहे.

डोकं फिरतं ते विकणाऱ्याच्या फोनवरच्या एका वाक्याने. “सर, एफ-वन हायब्रीड आहे. एकदा लावा, मग दरवर्षी घरचंच बी धरा.” अहो, हायब्रीडचं, म्हणजे दोन वाणांच्या संकराचं, बी धरलं तर पुढे तोच टोमॅटो येत नाही, हे सांगलीच्या विश्रामबागेत कुंड्या सांभाळणाऱ्या मलाही कळतं. आणि मूळचा रोमा सरळ, म्हणजे संकर नसलेला, वाण, त्याचं बी धरता येतं. म्हणजे गडी एका वाक्यात दोन वेगळे टोमॅटो विकत होता! फोन तिथेच ठेवायचा. पण आदल्या पावसाळ्यात करपा रोगाने माझी सगळी झाडं जाळली होती. अशा माणसाला ‘रोग येणारच नाही’ म्हटलं की तो ऐकतोच. तुम्हीही ऐकलं असतं.

रोपं आली तेव्हा शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळलेली. ट्रे हलवला तर पानांखालून व्हायरस पसरवणारी पांढरी माशी भुर्रकन उडाली. व्हायरस घरपोच! विचारलं तर, “प्रवासाचा ताण आहे, टॉनिक मारा.” व्हायरसवर औषध नसतं, असं रोप उपटून पिशवीत बांधून टाकायचं, बागेत ठेवायचंच नाही. पैसे परत मागितले आणि त्याचा फोन जो बंद झाला तो झालाच.

जगली वाचली त्यांना फळं धरली, तीही गोल. चिरलं तर चार-पाच कप्पे आणि आत नुसता बियांचा पाणचट गाळ. रोमात कप्पे मोजके, बी कमी, गर जाड. ह्याची प्युरी दुपारभर गॅसवर आटवली तरी सारच राहिलं.

विकणाऱ्याला एकच विचारा: कोणत्या रोगाला प्रतिकारक? ‘रोमा व्हीएफ’मधलं व्हीएफ म्हणजे व्हर्टिसिलियम आणि फ्युजारियम ह्या बुरशींच्या, झाड वाळवून टाकणाऱ्या दोन मर रोगांपुरतं. करप्याचा त्यात संबंध नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ घ्या, तिथे तीन रोगांची नावं स्वच्छ दिलेली आहेत: पानं वळवणारा व्हायरस, जिवाणूजन्य मर, लवकर येणारा करपा. ‘सर्व रोग’ म्हणणारा चोर समजा.

आता सरकारी दरबार. शेतीच्या कार्यालयात म्हणाले, “सातबारा आणा.” गच्चीचा सातबारा! मग म्हणे, “ही रोपं आहेत, बियाणं नाही.” १९६६ च्या बियाणे कायद्यातल्या ‘बियाण्या’च्या व्याख्येत रोपंही येतात, हे त्यांना मी मोबाईलवर काढून दाखवलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला आणि “साहेब रजेवर आहेत, सोमवारी या” म्हणाले. म्हणजे साहेब कोण, हेही सोमवारीच कळणार. पोलिसांकडे वेगळीच तऱ्हा: “माल मिळाला ना? मग फसवणूक कुठे?” पगार आमच्या करातून आणि वर हसायचं आमच्यावरच. उद्या ह्याच माणसाने एखाद्या शेतकऱ्याला एकरभर रोपं घातली की मग पंचनामे करत फिरतील!

पक्कं बिल आणि विक्रेत्याचा परवाना क्रमांक मिळाल्याशिवाय रुपया सोडू नका. रोपं येताच पानांच्या खालच्या बाजूचे फोटो काढा. चॅट पुसू नका. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

त्याच जाहिरातीतला फोटो आता नव्या नंबरवरून ‘रोगमुक्त ढोबळी मिरची’च्या नावाने फिरतोय, म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांनी त्याला पैसे पाठवले असतील त्यांनी व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. तक्रार एकत्र घालू, मग बघू कोण ‘एवढ्याशा पैशांसाठी’ म्हणतं ते.